डबक्यातलं पाणी मायक्रोस्कोपखाली: 'काहीच दिसत नाही' असं का होतं

दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली दोन-तीन पोरं हमखास बाटली घेऊन दारात उभी राहतात. "काका, यात काहीच नाही." बाटलीत काचेसारखं स्वच्छ पाणी, बूच गच्च आवळलेलं, आणि ती बाटली सायकलच्या कॅरिअरला दुपारभर उन्हात हिंडून आलेली. सांगलीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी सहाय्यक होतो. तिथेही दरवर्षी हेच व्हायचं. मायक्रोस्कोप चांगला असायचा, बघणाऱ्याचे डोळेही चांगले असायचे. चूक तळ्याच्या काठावरच होऊन गेलेली असायची. म्हणून या लेखात मायक्रोस्कोप बराच उशिरा येतो. मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटाकडे जाऊ नका.

१. आदल्या दिवशीची तयारी

रुंद तोंडाच्या तीन काचेच्या बरण्या लागतील. लोणच्याच्या चालतील, पण तेलाचा वास पूर्ण गेलेला हवा. साबणाने धुऊ नका. साबणाचा पातळ थर काचेला राहतो आणि नाजूक जीव त्यातच मरतात. गरम पाण्याने चार वेळा खळबळून घेतल्या की पुरे.

शिवाय एक ड्रॉपर, भिंग, प्लास्टिकचा मग, छोटी बादली, जुना टूथब्रश, पांढरी खोलगट बशी आणि जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं मऊ कापड. चिकटपट्टी आणि पेन विसरू नका. स्लाइडसाठी काचपट्ट्या, कव्हरस्लिप (थेंबावर झाकायची पातळ काच), थोडं व्हॅसलिन, कापूस आणि टिश्यू पेपर.

मायक्रोस्कोप साधा शाळकरी चालतो. ४, १० आणि ४० च्या ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडची भिंगं) आणि १० चा आयपीस (डोळा लावायचं भिंग), म्हणजे ४०, १०० आणि ४०० पट. खेळण्यांच्या दुकानात डब्यावर '१२०० पट' छापलेलं असतं, त्याला भुलू नका. तळ्यातल्या पाण्याचं नव्वद टक्के काम ४० आणि १०० पटीत होतं. कागदाचा फोल्डस्कोप असेल तर त्याची ताकद सुमारे १४० पट आहे, तीही भरपूर झाली.

२. जागा निवडणं

लोक तळ्याच्या मधलं, स्वच्छ दिसणारं पाणी आणायला धडपडतात. तिथेच सगळ्यात कमी जीव असतात. वस्ती असते ती कशाला तरी चिकटून: शेवाळाला, सडक्या पानांना, दगडाच्या बुळबुळीत पाठीला, काठाच्या गाळाला. माणसं तरी कुठे माळरानाच्या मधोमध राहतात?

सांगली-मिरजेच्या आसपास चांगली ठिकाणं म्हणजे जनावरांचा जुना सिमेंटचा हौद, हातपंपाखालचं कायम ओलं डबकं, वापरात नसलेली विहीर (कडेनेच), ओढ्यातला थांबलेला डोह. मिरजेच्या गणेश तलावासारखी शहरातली तळीही चालतात, पण गणेश विसर्जनानंतर काही दिवस तिकडचं पाणी घेऊ नका. नुसती माती आणि रंग दिसेल.

तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांच्या शेततळ्यांबद्दल एक गोष्ट आधी विचारून घ्या. शेवाळ मारायला मोरचूद टाकलाय का? टाकला असेल तर त्या पाण्यात शोधू नका. मोरचुदातलं तांबं शेवाळाला मारतं आणि डॅफ्नियासारख्या बारक्या जीवांनाही. एकदा मी सकाळभर अशा पाण्यात डोकं घातलं, मग मालक शांतपणे म्हणाला, "परवाच मारलाय की ओ मोरचूद."

*सावध:* प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पाय टाकू नका, कडेवरही उभे राहू नका. प्लास्टिक ओलं झालं की त्यावरून वर येता येत नाही, पोहता येणारेही बुडतात. मगाला दोरी बांधून तो बाहेरूनच टाका. कृष्णेत सांगलीपासून भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, तेव्हा नदीकाठची डबकी एकट्याने आणि संध्याकाळी नकोत. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. आणि कासच्या पठारावरच्या डबक्यांतून काही उचलू नका. ते राखीव जंगल आहे.

काळ कोणता? पावसाचा गढूळपणा बसल्यावर, आश्विनापासून माघापर्यंत. वेळ सकाळची. भर दुपारी बरेच जीव खाली जातात. चैत्र-वैशाखात डबकी आटली तर पुढे नववी पायरी बघा.

३. पाणी घेणं: तीन बरण्या, तीन पद्धती

हा सगळा लेख विसरलात तरी ही पायरी विसरू नका.

पहिली बरणी पिळलेल्या पाण्याची. शेवाळाचा झुपका, हायड्रिला या पाणवनस्पतीची डहाळी किंवा जलपर्णीच्या मुळ्या अलगद उचला आणि बरणीवर धरून मुठीत पिळा. जे मळकट, तपकिरी पाणी निथळतं तेच आपलं. दगड मिळाला तर त्याची खालची बाजू टूथब्रशने याच बरणीत घासा. पिळल्यानंतर शेवाळाची एक चिमूट आत राहू द्या.

दुसरी बरणी गाळलेल्या पाण्याची. कापड चहाच्या गाळण्यावर पसरा आणि तळ्यातलं पाणी मगाने ओतत राहा, दहा लिटर होईपर्यंत. कापडावर काही दिसणार नाही. कापड उलटं करून बरणीतल्या अर्ध्या कप पाण्यात हलकेच खळबळा. दहा लिटरमधले जीव शंभर मिलिलिटरमध्ये आले, म्हणजे शंभरपट दाट झाले. पिळू नका, चिरडतील.

हे कापड आपल्याकडच्या जुन्या माणसांना माहीत आहे. नारू या जंताची अळी सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवातून पोटात जायची, म्हणून विहिरीचं पाणी कापडाने गाळून पिण्याचा आग्रह असायचा. देशातला शेवटचा नारू १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्या काळी सायक्लॉप्स घागरीबाहेर ठेवायला जे कापड वापरायचे, त्याच कापडाने आपण तो पकडतोय.

तिसरी बरणी गाळाची. ड्रॉपरचा फुगा आधी दाबा, मग टोक गाळाच्या वरच्या थरावर नेऊन सोडा. वरचा मऊ, सोनेरी-तपकिरी थर हवा. खालचा काळा, कुजका वास येणारा चिखल नको, तिथे प्राणवायूच नसतो.

*तपासा:* बरणी तीन चतुर्थांशच भरली आहे का? वर हवा लागते. झाकण सैल आहे का? चिकटपट्टीवर जागा, तारीख, वेळ लिहिली का? घरी पोचल्यावर तिन्ही बरण्या सारख्याच दिसतात, मग डोकं खाजवत बसावं लागतं.

नेताना बरण्या ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. स्कूटरच्या डिकीत दोन तास राहिलेली बरणी म्हणजे मेलेली बरणी.

४. घरी आल्यावर घाई नको

झाकण काढा, बरणीवर कापड बांधा (नाहीतर आठ दिवसांत डास निघतील आणि घरचे बरणीसकट तुम्हाला बाहेर काढतील) आणि रात्रभर उजेडाच्या पण बिनउन्हाच्या खिडकीत ठेवा. फ्रीजमध्ये नको.

सकाळी थर बसलेले दिसतील. आता एक युक्ती. खोली अंधारी करा आणि बरणीच्या एका बाजूला टॉर्च लावून दहा मिनिटं थांबा. डॅफ्निया आणि युग्लीना, व्हॉल्वॉक्ससारखे हिरवे सूक्ष्मजीव उजेडाकडे गोळा होतात. ड्रॉपर तिथेच घाला. बरणी ढवळून मग थेंब घेणाऱ्यांना काहीच मिळत नाही, कारण जमलेली माणसं त्यांनी स्वतःच पांगवलेली असतात.

५. आधी डोळे, मग भिंग

ही पायरी सगळे गाळतात. बशीत दोन चमचे पाणी घ्या आणि नुसत्या डोळ्यांनी पाच मिनिटं बघा. झटके देत उड्या मारणारा पांढरा ठिपका म्हणजे डॅफ्निया किंवा सायक्लॉप्स. डॅफ्निया वर-खाली टुणूक टुणूक करतो, सायक्लॉप्स सरळ झेप घेतो. बरणीच्या काचेला उलटा लोंबणारा, दोऱ्याएवढा, मोकळ्या टोकाला पाच-सहा बोटं पसरलेला जीव म्हणजे हायड्रा. धक्का दिला की त्याचा टिपका होतो. काळ्या कागदावर बरणी धरली तर एका पेशीचा पॅरामीशियमसुद्धा पांढऱ्या धुळीसारखा दिसतो.

हे आधी बघितलं की मायक्रोस्कोपखाली काय आणलंय ते कळतं. थेट थेंब टाकणाऱ्याला आपण कुठे आहोत तेच समजत नाही, अनोळखी गावात रात्री एसटीतून उतरल्यासारखं होतं.

६. स्लाइड

काचपट्टी स्वच्छ पुसा. शेवाळाचा एखादा धागा आणि त्यासोबत एक छोटा थेंब मध्यावर ठेवा. कव्हरस्लिपची एक कड थेंबाला टेकवा आणि दुसरी सुईने हळूहळू खाली आणा. आडवी टाकली की बुडबुडे अडकतात.

थेंब केवढा? कव्हरस्लिपच्या कडेपर्यंत पोचेल आणि बाहेर सांडणार नाही एवढा. सांडलं तर टिश्यूचं टोक कडेला लावा. कव्हरस्लिप तरंगत असेल तर पाणी जास्त आहे.

डॅफ्नियासारखे मोठे जीव असतील तर कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे मोहरीएवढे ठिपके लावा. ते खांब होतात, त्यामुळे जीव चिरडत नाही. आपल्याकडच्या हवेत थेंब पंधरा-वीस मिनिटांत आटायला लागतो. कडेला ड्रॉपरने पाणी देत राहा.

*सावध:* कव्हरस्लिपशिवाय ४० ची ऑब्जेक्टिव्ह वापरू नका. भिंग पाण्यात बुडतं आणि चित्रही धूसर येतं.

७. फोकस: क्रम बदलू नका

आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर आरसा उजळ आकाशाकडे किंवा दिव्याकडे वळवा. सूर्याकडे कधीही नाही, डोळा जाईल.

सगळ्यात छोटी, ४ ची ऑब्जेक्टिव्ह लावा. बाजूने बघत ती स्लाइडच्या जवळ आणा. आता आयपीसला डोळा लावा आणि फक्त *लांब नेत* फोकस करा. आयपीसमधून बघत खाली आणणारा कधी ना कधी काच फोडतोच. मी पहिल्याच वर्षी कॉलेजची तयार स्लाइड अशी फोडली, आणि तो कर्र आवाज अजून कानात आहे.

चित्र दिसलं की डायफ्रॅम, म्हणजे स्लाइड ठेवायच्या स्टेजखालची उजेड कमी-जास्त करायची खिट्टी, जवळजवळ बंद करा. उजेड जास्त तेवढं चांगलं, ही सगळ्यात पसरलेली चूक. हे जीव काचेसारखे पारदर्शक असतात, भगभगीत उजेडात ते विरघळून जातात. उजेड कमी केला की त्यांच्या कडा उठतात. 'काहीच नाही' म्हणणाऱ्या निम्म्या पोरांच्या स्लाइडमध्ये मी एवढी एकच खिट्टी फिरवतो.

चित्र उलटं असतं. जीव उजवीकडे पळाला तर स्लाइडही उजवीकडे सरकवायची. हाताला सवय व्हायला अर्धा तास लागतो.

मोजमापासाठी ४ च्या ऑब्जेक्टिव्हखाली प्लास्टिकची पारदर्शक पट्टी ठेवा. साधारण चार-साडेचार मिलिमीटरचं वर्तुळ दिसेल. १० च्या खाली ते १.८ मिलिमीटरच्या आसपास आणि ४० च्या खाली जेमतेम अर्धा मिलिमीटर. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वर्तुळाचा कितवा भाग जीवाने व्यापला हे बघितलं की लांबी कळते.

आणि आता तो मुद्दा, जो कुणी सांगत नाही. ४०० पट मोठं केलं की वेगही ४०० पट होतो. पॅरामीशियम सेकंदाला एक-दोन मिलिमीटर जातो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं वर्तुळ अर्ध्या सेकंदात पार. तुम्हाला दिसते फक्त एक सावली. म्हणून आधी ४०, मग १००, आणि ४०० फक्त जागेवर बसलेल्यांसाठी.

८. पळणाऱ्याला थांबवणं आणि ओळखणं

कव्हरस्लिप ठेवण्याआधी कापसाचे पाच-सहा तंतू थेंबात मोकळे सोडा. जीव त्या जाळ्यात अडकतात, जगतात, फक्त फार लांब जात नाहीत. नाहीतर टिश्यूने थोडं पाणी ओढून घ्या, जागा कमी झाली की चाल मंदावते. रात्रभर जवस भिजवून त्याचं बुळबुळीत पाणी थेंबात निम्मं मिसळलं तरी चालतं. मिसळताना मात्र फेस आणू नका.

आधी काय *जीव नाही* ते शिका. काळी जाड कडा असलेलं अगदी गोल वर्तुळ म्हणजे हवेचा बुडबुडा. लांब, निळसर, पिळलेली दोरी म्हणजे कपड्याचा धागा. आयपीस फिरवल्यावर सोबत फिरणारा डाग म्हणजे आयपीसवरची धूळ. हलतंय म्हणजे जिवंत, असंही नाही. एकदम बारीक कण नुसते जागच्या जागी थरथरतात, त्यांना कुठेही जायचं नसतं.

आता जे हमखास भेटतात ते. हिरव्या नळीत स्प्रिंगसारखी फीत म्हणजे स्पायरोगायरा. काचेच्या होडीसारखा, सोनेरी, सरळ रेषेत सरकणारा तो डायटम. चपलेच्या तळव्यासारखा, स्वतःभोवती फिरत जाणारा, पाव मिलिमीटरचा तो पॅरामीशियम. देठावर घंटा असेल आणि धक्क्यासरशी देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जात असेल तर व्हॉर्टिसेला. हा पळत नाही, तेव्हा ४०० पट इथे वापरा. अमीबा शोधायचा तर गाळाच्या बरणीतला थेंब घेऊन पंधरा मिनिटं स्लाइड स्थिर ठेवा. तो सगळ्यात शेवटी चालायला लागतो, आणि घाई करणाऱ्याला आयुष्यात दिसत नाही.

रोटिफरवर थोडं थांबायला हवं. शेवाळाला मागचा पाय चिकटवून तो ताणला जातो आणि डोक्यावर दोन चाकं फिरू लागतात. चाकं खरं तर फिरत नाहीत. कडेचे केस लाटेसारखे एकामागून एक वाकतात, आपल्या डोळ्याला फिरल्यासारखं वाटतं. आजूबाजूचे हिरवे ठिपके त्या भोवऱ्यात खेचले जातात आणि छातीच्या जागी काहीतरी कचाकचा हलत असतं. तो जबडा. १०० पटीवर डायफ्रॅम बारीक करून बघा. शेजारचे भाऊ मार्केट यार्डात हळदीची पोती उचलून दमून आले होते, त्यांना एकदा हे दाखवलं. एक मिनिट बघत राहिले. "ह्यो तर नुसता खायालाच बसलाय की! आन् ते बाकीचे ढकलाढकली करत्यात, आमच्या सौद्यावानी." मग स्वतःच म्हणाले, "केवढा असंल ह्यो?" मी पट्टीचा हिशेब सांगितला: मिलिमीटरचा पाचवा भाग. जबडा, पोट, पाय असलेला आख्खा प्राणी, साधारण हजार पेशींचा, आणि लांबीला एका पेशीच्या पॅरामीशियमएवढाच किंवा त्याहून लहान. भाऊंनी चहा थंड होऊ दिला.

डॅफ्निया ४० पटीवरच बघा. पाठीकडे धडधडणारं हृदय, हिरवं भरलेलं आतडं, आणि पाठीच्या पोकळीत पिल्लं असली तर त्यांचे काळे डोळेही दिसतात. सायक्लॉप्सच्या मादीच्या शेपटीजवळ दोन पिशव्या लोंबतात, त्या अंड्यांच्या.

*तपासा:* दर पाच मिनिटांनी वहीत चित्र काढताय का? नावं नंतर शोधता येतात. फोटोवर विसंबू नका. फोटो काढायचाच तर मोबाइल आयपीसपासून एखादा सेंटिमीटर लांब धरून, गोल पूर्ण दिसेपर्यंत सावकाश जवळ आणा. दोन्ही कोपर टेबलाला टेकवा.

९. डबकी आटली असतील तर

एप्रिल-मेमध्ये जतकडे तळी कोरडी पडतात. तेव्हा कौलावरचं किंवा जुन्या भिंतीवरचं वाळलेलं मॉस खरवडून बशीत पाण्यात भिजवा. कोरडं, करपलेलं दिसतं तेच घ्या. दुसऱ्या दिवशी पिळून थेंब बघा. वाळून निपचित पडलेले रोटिफर पाणी मिळताच पुन्हा चालू लागतात. नशीब असेल तर आठ पायांचा, अस्वलासारखा डुलत चालणारा टार्डिग्रेडही.

दुसरा मार्ग कडब्याचा. कडब्याचे किंवा भाताच्या पेंढ्याचे दोन-तीन तुकडे दहा मिनिटं उकळा, गार करा आणि त्यात जिथे उरलं असेल त्या हौदाचं किंवा तळ्याचं कपभर पाणी घाला. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. फारच गरज पडली तर ते दिवसभर उघडं ठेवून वापरा. दोन दिवसांत वर साय येते. ते जिवाणू, आणि वासही येतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्यांना खाणारे पॅरामीशियमसारखे जीव दिसू लागतात. बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी वासाला कंटाळून फेकून देतात आणि पाचवा दिवस हुकवतात.

१०. आवरणं

बरणीतलं पाणी आणलं तिथेच परत सोडा. दुसऱ्या तळ्यात नाही, शेजाऱ्याच्या मत्स्यटाकीत तर नाहीच. जलपर्णीचा एखादा तुकडा चुकून गेला तरी तळं झाकून टाकतो. ते जमणार नसेल तर उन्हातल्या कोरड्या मातीत ओता, गटारीत नको.

हात साबणाने धुवा, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नका. कव्हरस्लिप पाण्यात सोडवून घ्या, ओढून काढली की तुटते आणि बोटात जाते. ऑब्जेक्टिव्हला पाणी लागलं असेल तर मऊ सुती कापडाने टिपा, घासू नका. मायक्रोस्कोप ठेवताना ४ ची ऑब्जेक्टिव्ह खाली आणि स्टेज रिकामा. पुढच्या वेळी जो उघडेल, त्याला ४० ची खाली सापडली तर पहिल्याच मिनिटाला काच फुटते.

बरण्या नुसत्या पाण्याने खळबळून पालथ्या घाला. चिकटपट्टी काढू नका, नव्या तारखेसाठी तिच्यावरच दुसरी लावा.